वसईचा वेढा : तोफेने मिळाले, कागदाने गेले

आमच्या कोथरूडमध्ये कर्वे रस्त्यावर मृत्युंजयेश्वराचे मंदिर आहे. बाजीराव पेशव्यांनी १७३४ च्या सुमारास मस्तानीसाठी याच परिसरात वाडा बांधला, असे पुण्यात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. वाडा आज जागेवर नाही. त्याचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेऊन तिथे ‘मस्तानी महाल’ पुन्हा उभा केला आहे. चित्रपटांमुळे मस्तानीचे नाव आता घराघरांत पोहोचले आहे. पण मस्तानीचे दीर चिमाजी अप्पा यांनी १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला आणि उत्तर कोकणातली पोर्तुगिजांची दोनशे वर्षांची सत्ता संपवली, ही गोष्ट आपल्या मुलांना परीक्षेतल्या एका गुणापुरतीच माहीत असते.

याचे एक कारण आपल्या घरांतही आहे. पेशवे, अटक, वसई हा ‘त्यांचा’ इतिहास आणि ताजमहाल, टिपू सुलतान हा ‘आपला’ इतिहास, अशी वाटणी मुले शाळेतच करून घेतात. घरातले वडीलधारेही ती वाटणी मोडत नाहीत. वसईची हकीकत नीट वाचली तर ही वाटणी किती खोटी आहे ते कळते. म्हणून या महिन्यात वाचक बंधूभगिनींपुढे आम्ही तीच ठेवत आहोत.

वसई गेली कशी?

पोर्तुगिजांनी वसई लढून घेतली, असा अनेकांचा समज असतो. तशी त्यांनी किनाऱ्यावर जाळपोळ आणि लूट पुष्कळ केली होती, पण वसईचा मुलूख त्यांना मिळाला तो कागदावर. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्याशी तह केला आणि वसई, तिच्याखालचा मुलूख आणि मुंबईची बेटे त्याला देऊन टाकली. कारण काय? उत्तरेकडून हुमायून बादशहा चालून येत होता. शेजारच्या मुसलमान बादशहापासून बचाव व्हावा म्हणून एका मुसलमान सुलतानाने सातासमुद्रापलीकडून आलेल्या तिसऱ्याचा हात धरला. तरीही १५३५ मध्ये हुमायूनने त्याला हरवलेच. पुढे फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवच्या समुद्रात याच पोर्तुगिजांबरोबर झालेल्या चकमकीत बहादूरशाह मारला गेला.

त्या तहातले एक कलम आपण लक्षात ठेवावे असे आहे. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईला यावे, पोर्तुगीज परवाना घ्यावा आणि जकात भरावी, असे ते कलम होते. तांबड्या समुद्राकडे म्हणजे जेद्दाहकडे. त्या वाटेने व्यापारी जात, तसेच हजचे यात्रेकरूही जात. या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. परवाना नसलेले जहाज पोर्तुगीज पकडत, माल लुटत आणि माणसांना कैद करत. परवान्यावर हजरत मरियम आणि हजरत ईसा यांची चित्रे असत. असा कागद घेऊन हजला जाणे योग्य की अयोग्य, यावर अकबराच्या दरबारातल्या उलेमांमध्ये वाद झाला होता. परवाना घेऊनही भरवसा नव्हताच. १६१३ मध्ये सुरतेजवळ पोर्तुगिजांनी ‘रहीमी’ नावाचे जहाज पकडले. ते जहांगीर बादशहाच्या आईचे, मरियम-उझ-झमानीचे होते आणि यात्रेकरूंना घेऊन जात असे. जमिनीवर एवढा मोठा बादशहा, पण समुद्रावर त्याच्या आईचे जहाजही सुरक्षित नव्हते.

किनाऱ्यावरच्या रयतेची स्थिती याहून वाईट होती. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसले आणि त्याचा हात वसईपर्यंत पोहोचला. पोर्तुगीज मुलखात हिंदूंना आणि मुसलमानांना उघडपणे आपला धर्म पाळण्याची बंदी होती. ज्या हिंदू मुलांचे वडील वारले, त्यांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवण्याचे हुकूम निघाले होते. मंदिर आणि मशीद दोन्ही एकाच फर्मानाखाली बंद होत होत्या. तेव्हा वसईचा लढा कोणा एका समाजाचा होता, असे म्हणायला इतिहासात आधार नाही.

आधीचे वेढे का फसले?

पोर्तुगिजांना हुसकावण्याचा पहिला मोठा प्रयत्न दख्खनच्या सुलतानांनी केला होता. १५७० मध्ये विजापूरच्या आदिलशहाने गोव्याला आणि अहमदनगरच्या निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला. फौजा प्रचंड होत्या, तोफा उत्तम होत्या, दोन्ही दरबारांत एकोपाही झाला होता. तरी १५७१ मध्ये दोन्ही वेढे उठवावे लागले. जमिनीकडून वाट बंद होती, पण समुद्राकडून गलबते येत होती आणि किल्ल्यात धान्य, दारूगोळा, ताजी माणसे उतरत होती. अर्धाच वेढा पडला होता.

चिमाजी अप्पांनी ही चूक होऊ दिली नाही. त्यांनी आधी वसईच्या भोवतीचा मुलूख एकेक करून सोडवला. भिवंडीजवळच्या अंजूर गावच्या गंगाजी नाईकांनी अनेक वर्षे पुण्याला खेटे घालून पेशव्यांना या मोहिमेसाठी राजी केले होते. खाड्यांच्या वाटा, भरती-ओहोटीच्या वेळा, ठाण्यांतली कच्ची जागा ही माहिती अंजूरकरांसारख्या स्थानिक माणसांनी पुरवली. मार्च १७३७ मध्ये ठाणे घेतले. तिथला किल्ला तेव्हा अजून बांधून पुरा झाला नव्हता. पाठोपाठ साष्टीचे बेट हाती आले. वसईवर मात्र पहिले प्रयत्न फसले.

दुसरी मोहीम १७३८ च्या अखेरीस निघाली. माहीम-केळवे, तारापूर ही ठाणी जानेवारी १७३९ मध्ये पडली. तारापुरात बाजी भीवराव रेठरेकर कामी आले. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे यांना गोव्यावर पाठवले, म्हणजे तिथून वसईला कुमक निघू नये. वेसावे आणि धारावी घेऊन खाडीची तोंडे बांधली. समुद्रावर मानाजी आंग्रे यांचे आरमार होते. असा चारी बाजूंनी बंदोबस्त झाल्यावर फेब्रुवारी १७३९ मध्ये खुद्द वसईला वेढा पडला.

तीन महिने

वसईच्या किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल आहे. जमिनीची एकच बाजू, आणि तिथे सगळ्यांत भक्कम बुरूज. मराठी फौजेने वाळूत मोर्चे खणत खणत तटाजवळ जायला सुरुवात केली. वरून तोफा, बंदुका, जळते पदार्थ पडत होते. तटाखाली सुरुंग खणले जात होते आणि आतले लोक ते शोधून निकामी करत होते. याच वेळी उत्तरेत नादिरशहा दिल्लीत शिरला आणि मार्च महिन्यात तिथे भयंकर कत्तल झाली. वसईचा वेढा उठवून फौज उत्तरेकडे न्यावी काय, असा प्रश्न होता. वेढा उठला नाही.

वेढ्यात पोर्तुगीज सेनानी मार्तिन्यो द सिल्वेरा मारला गेला. मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगिजांना दारूगोळा दिला आणि शेवटी १५,००० रुपये कर्जही दिले, पण चर्चमधली चांदीची भांडी आणि पितळी तोफा गहाण ठेवून घेऊनच! शेजारी बुडत असताना त्याच्याकडून तारण मागणारी ही मैत्री होती.

१३ मे च्या सुमारास सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग उडाले. खिंडार पडले. पहिले हल्ले परतवले गेले, एक सुरुंग उशिरा उडून मराठ्यांचीच माणसे त्यात गेली. तरी दुसऱ्या दिवशी बुरूज हातात आला. १६ मे रोजी कायतानो द सोझा परेरा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने शरणागतीच्या अटींवर सही केली. या वेढ्यात मराठ्यांची मृत आणि जखमी मिळून पाच हजारांच्या घरात माणसे गेली, पोर्तुगिजांची सुमारे आठशे. विजय केवढ्याला पडला, हे या आकड्यांवरून कळते.

शब्द दिला तो पाळला

यानंतर जे घडले ते आम्हाला लढाईपेक्षाही महत्त्वाचे वाटते. दोनशे वर्षांचा राग मनात होता. हजारो माणसे डोळ्यांदेखत गेली होती. विजयी फौज किल्ल्यात घुसून सूड घेऊ शकली असती. पण अटी ठरल्या त्या अशा : पोर्तुगीज शिबंदीने हत्यारांसह, ढोल वाजवत सन्मानाने बाहेर पडावे. कुटुंबे आणि चीजवस्तू हलवायला आठ दिवसांची मुदत. दोन्हीकडचे कैदी सोडावेत. जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहतील, त्यांनी आपला धर्म पाळावा, त्यांना उपद्रव होणार नाही. २३ मे ला पोर्तुगीज निघून गेले.

चर्चमधल्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून पुढे महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, वाईजवळची मेणवली, भीमाशंकर, पुण्याहून साताऱ्याच्या वाटेवरचे नसरापूरचे बनेश्वर, इथे त्या आजही पाहायला मिळतात. लढाईत लूट झाली, हे सत्य आहे. पण माणसांना दिलेला शब्द टिकला, हेही सत्य आहे. वसईचा ख्रिस्ती समाज आजही तिथे आहे, आपल्या बोलीत मराठी बोलतो, वाडी पिकवतो, मराठीत लिहितो. धर्मन्यायालय चालवणाऱ्यांच्या जागी आलेल्यांनी धर्मावरून बदला घेतला असता, तर तो समाज असा उरला नसता.

इस्लामी इतिहास वाचणाऱ्याला इथे सलाहुद्दीन अय्यूबीची आठवण येईल. ऑक्टोबर ११८७ मध्ये वेढा देऊन बैतुल मुकद्दस घेतले, तेव्हा १०९९ च्या कत्तलीचा बदला त्याने घेतला नाही. खंडणी ठरवून लोकांना बाहेर पडू दिले आणि खंडणी भरू न शकणाऱ्या अनेकांना तशीच मोकळीक दिली. करार पूर्ण करा, ही कुरआनची आज्ञा आहे आणि ती शत्रूशी केलेल्या करारालाही लागू आहे. चिमाजी अप्पा मुसलमान नव्हते. पण चांगुलपणा जिथे दिसेल तिथे त्याला चांगुलपणा म्हणावे, यात आपले काही कमी होत नाही.

कोथरूडचा वाडा

इथे एक अवघड गोष्ट सांगणे भाग आहे. परक्यांशी केलेला करार पाळणाऱ्या याच घराण्याला घरातल्या एका सुनेला सुखाने नांदू देता आले नाही. बुंदेलखंडच्या छत्रसालांची मुलगी म्हणून ओळखली जाणारी मस्तानी पुण्यात आली, पण पेशव्यांच्या घराने तिला आपली मानले नाही. वसईच्या विजयानंतर वर्षाच्या आतच, बाजीराव मोहिमेवर असताना तिला पुण्यात कैदेत ठेवण्यात आले आणि त्यात चिमाजी अप्पा आणि बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेब यांचा हात होता. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीरावांचा मृत्यू झाला. मस्तानीही त्याच वर्षी गेली. तिची कबर शिरूर तालुक्यात पाबळला आहे. १७ डिसेंबर १७४० रोजी चिमाजी अप्पाही गेले. त्यांची समाधी पुण्यात ओंकारेश्वराजवळ आहे. वसई घेतल्यावर दीड-पावणेदोन वर्षांत तिघेही संपले.

मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर मुसलमान म्हणून वाढला. ज्या घराने त्याच्या आईला नाकारले, त्याच घराच्या निशाणाखाली तो १७६१ मध्ये पानिपतला लढला आणि तिथल्या जखमांनी मरण पावला. त्याच्या वंशातले बांद्याचे नवाब अली बहादूर १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले. परके ठरवलेल्या माणसानेच घरासाठी जीव दिला. कोथरूडच्या त्या रस्त्यावरून जाताना मुलांना सांगायची गोष्ट असेल तर ही आहे.

जे मिळवले ते गेले कसे?

वसई पडली तेव्हा मुंबईचे इंग्रज घाबरले. त्यांनी एक वकील वसईला आणि दुसरा साताऱ्याला शाहू महाराजांकडे पाठवला आणि मुंबईभोवती खंदक खणायला घेतला. त्या खंदकासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी काढली. एवढी धास्ती! पण पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत त्यांना फारसे काही करावे लागले नाही. आपल्याच माणसांनी त्यांना बोलावून आणले.

१७५६ मध्ये पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांच्याशी असलेल्या भांडणात इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळाले. कोकण किनाऱ्याचे रक्षण करणारे बळच गेले. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे काका रघुनाथराव गादीसाठी इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देऊ केली. सख्ख्या काकाने लिहून दिलेली ही वसई! इंग्रजांनी ठाणे तर आधीच, डिसेंबर १७७४ मध्ये घेतले होते. साष्टी पुन्हा परत आली नाही.

शेवटचा कागद तर वसईतच लिहिला गेला. दुसऱ्या बाजीरावाने यशवंतराव होळकरांच्या भावाला पुण्यात हत्तीच्या पायी दिले. होळकर पुण्यावर चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ लढाई जिंकले. पेशवा पळाला, इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला तह करून त्याने आपले स्वातंत्र्य लिहून दिले. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

बहादूरशाहाचे कारण हुमायून, रघुनाथरावाचे कारण पुतण्या, दुसऱ्या बाजीरावाचे कारण होळकर. धर्म वेगळे, शतके वेगळी, पण केलेली गोष्ट एकच. आपल्या माणसाशी बसून बोलायचे नाही आणि परक्याला घरात घ्यायचे.

जगातही हेच दिसते. व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू येथे १३ मार्च ते ७ मे १९५४ असा वेढा देऊन व्हिएतनामी फौजेने फ्रेंचांची सत्ता संपवली. तिथेही डोंगरांतून हातांनी तोफा ओढून नेल्या, सायकलींवरून धान्य वाहिले, मैलोगणती चर खणले आणि एका टेकडीखाली सुरुंग लावला. वसईच्या सुरुंगवाल्यांना ते काम ओळखीचे वाटले असते. फ्रेंचांच्या बाजूने लढायला आणलेले अल्जीरियाचे आणि मोरोक्कोचे मुसलमान शिपाई तिथे कैद झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अल्जीरियाचा स्वातंत्र्यलढा पेटला आणि १९६२ मध्ये तो देश मोकळा झाला. पण दिएन बिएन फूच्या विजयानंतर अडीच महिन्यांतच जिनिव्हात कागदावर व्हिएतनामचे दोन तुकडे पडले आणि ते पुन्हा जोडायला आणखी वीस वर्षे रक्त सांडावे लागले.

आपल्या घरातली वसई

कुटुंब मासिकात एवढा इतिहास कशाला, असे कोणी विचारेल. म्हणून घरातलेच उदाहरण घेऊ. कोकणात वडिलांची वाडी आहे किंवा पुण्यात आजोबांचे जुने घर आहे. चार भाऊ, दोन बहिणी. बहिणींचा हिस्सा द्यायचा की नाही, यावर कुजबुज चालते, पण बैठक होत नाही. एक भाऊ दुसऱ्यावर रुसतो आणि एक दिवस कोणा तिसऱ्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो. त्या दिवशी त्याला वाटते की भावावर मात केली. पाच वर्षांनी त्या जागेवर इमारत उभी असते, तिच्यात ना या भावाचे घर असते ना त्या भावाचे, आणि बहिणी तर हिशेबातच नसतात. वडिलांनी आखातात उन्हात राबून जे मिळवले, ते एका सहीने जाते.

यावर उपाय आपल्या दीनने फार पूर्वी सांगून ठेवला आहे. वारशाचे हिस्से ठरवून दिले आहेत, त्यात मुलीचा हिस्साही आहे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, अशी शिकवण आहे. नवरा-बायकोत बिनसले तर दोन्ही घरांतला एकेक जाणता माणूस बसवा, असे सांगितले आहे. म्हणजे आधी आपल्यातले लोक, आधी बोलणे. जे ठरेल ते लिहायचे आणि लिहिले ते पाळायचे.

या सुट्टीत जमल्यास मुलांना घेऊन वसईला जा. तटावरून समुद्र दाखवा आणि याच समुद्रातून हजची जहाजे परवान्याच्या भीतीखाली जात होती, हे सांगा. पडकी चर्च दाखवा, आणि वसई गावात आजही भरणारी चर्चही दाखवा. वसई लांब पडत असेल तर केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल दाखवा. हा इतिहास कोणाचा, असे मुलाने विचारले तर ‘आपला’ म्हणा. त्यातला विजय आपला, शब्द पाळणे आपले, मस्तानीवर झालेला अन्यायही आपल्याच शहराचा.

आणि घरी परतल्यावर ज्या भावाशी, ज्या बहिणीशी, ज्या सुनेशी बोलणे थांबले आहे, तिच्याकडे किंवा त्याच्याकडे या महिन्यात एकदा जाऊन या. कागद करायचाच असेल तर तो आपसात बसून करा. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांत सुलह नांदवो. आमीन.